रेडियमची खोली

भिंगारच्या आमच्या घराला रस्त्याच्या अंगाला एक खोली होती, आणि ती मला हवी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कायदा, साहेब, जीप, यंत्र असं बरंच काही येणार आहे आणि माणूस त्यात गुंतला की मूळ मुद्दा विसरतो. मूळ मुद्दा खोली.

मी राहात्याची. लग्नाआधी नगरला मावशीकडे राहून शिवणाचा कोर्स पुरा केला होता आणि सासरी येताना शिलाई मशीन घेऊन आले होते. भांडीकुंडी थोडी आली, पण मशीन आलं. ते ठेवायला जागा मिळाली स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पिठाच्या डब्याला खेटून. चुलीपाशी सासूबाई, मशीनपाशी मी. त्यांच्या फोडणीचा धूर माझ्या कापडाला आणि माझ्या दोऱ्याचे तुकडे त्यांच्या आमटीत. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाई सोनईकडच्या, आवाज खणखणीत, आणि मशीनवर त्यांचा राग पहिल्या दिवसापासून होता.

"पायानं यंत्र हानायचं आन् हातानं कापड वढायचं. ह्याला काय काम म्हंत्यात व्हय?" असं त्या भिंतीला ऐकवायच्या. भिंत मीच होते.

लष्करी कॅम्पातल्या नोकरदारांच्या मुली माझ्याकडे शिवण शिकायला यायला तयार होत्या. आठ-दहा जणी तर नुसत्या विचारून विचारून थकल्या होत्या. पण स्वयंपाकघरात क्लास भरवायचा म्हणजे मुलींना सोप्यातून, माजघरातून, देवघरावरून आणायचं आणि आत्याबाईंच्या चुलीपुढे बसवायचं. त्यापेक्षा शत्रूच्या हद्दीत क्लास भरवणं सोपं होतं. रस्त्याकडच्या खोलीला मात्र दार वेगळं होतं, खिडकी मोठी होती, उजेड भरपूर होता. आणि ती बंदच पडून होती.

ती खोली मामंजींची. ते आधी लष्कराच्या वर्कशॉपात मोजमापाची यंत्रं आणि घड्याळं दुरुस्त करायचे. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी घरीच घड्याळदुरुस्ती मांडली आणि त्याच्या जोडीला लोकांना रेडियम लावून द्यायला लागले. त्या वेळी अंधारात दिसणाऱ्या घड्याळाचं केवढं अप्रूप होतं! काट्यांवर आणि आकड्यांवर एक पिवळसर रंग बारीक कुंचल्यानं भरायचा, की तो अंधारात आपोआप हिरवा उजळायचा. जवान यायचे, ट्रकवाले यायचे, साखर कारखान्यातले रातपाळीवाले यायचे. मामंजी गिऱ्हाइकाला भर दुपारी घोंगडीखाली डोकं घालायला लावून घड्याळ दाखवायचे. मीही नवी असताना त्या घोंगडीत डोकं घातलं होतं. उजेड सुंदर होता, घोंगडीचा वास मात्र विसरता येत नाही.

पुढे त्यांना बारीक दिसेना आणि घड्याळंही कंपनीतूनच रेडियम लावून यायला लागली. काम थांबलं. मी एक दिवस धीर करून खोली मागितली, आणि त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता सांगितलं, "घे की. पाडव्याला मुहूर्त कर."

आत्याबाईंनी परात आपटली. "सुना रस्त्यावर दुकान मांडून बसल्या म्हंजी लोक इचारतील, मालक घर सोडून गेल्यात का ल्योक पळून गेलाय?"

ल्योक म्हणजे आमचे हे. ते कारखान्यात होते आणि सुट्टीच्या दिवशीच घरी यायचे. घरातल्या कुठल्याही वादावर त्यांचं मत आम्हाला जेवणानंतर, पान खाऊन झाल्यावर कळायचं, आणि तोवर वाद मिटलेला असायचा. मामंजींचं मत मात्र लागलीच कळायचं आणि तेच चालायचं. मी मनातल्या मनात खोलीत पडदे लावले. निळे.

पण पाडव्याच्या आधीच वर्तमानपत्रानं घात केला. मामंजी पेपर वाचायचे म्हणजे पहिल्या पानाच्या नावापासून शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. त्यात कुठेतरी कोपऱ्यात बातमी होती की किरणं सोडणाऱ्या पदार्थांबद्दल सरकारनं नवे नियम केले आहेत. ज्याच्याकडे असा पदार्थ असेल त्याला तो मनाला येईल तसा ठेवता येणार नाही, विकता येणार नाही, फेकता तर मुळीच येणार नाही. जागा बंद करायची तरी ती रीतसर तपासून, साफ करून, सरकारच्या संमतीनं बंद करायची.

मामंजींनी चष्मा काढला. "म्हणजे आपली खोली नियमात बसते," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, अभिमान होता. वर्कशॉपातून निघाल्यापासून त्यांना कुणी हुकूमच दिला नव्हता, आणि आता दिल्लीहून आला होता.

गल्लीतल्या लोकांनी परोपरीनं समजावलं. एक म्हणाला, रंगाची बाटली नाल्यात टाकून द्या, कुणाला कळतंय? दुसरा म्हणाला, अहो काका, सगळ्या देशात तुमच्याच बाटलीची वाट बघत बसलेत का? मामंजींनी दोघांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईच्या कचेरीला स्वतःहून पत्र टाकलं. मी मनात प्रार्थना केली की ते पत्र पोस्टातच हरवावं. पोस्टाला इतकं चोख चालायचं नेमकं त्याच वेळी सुचलं.

उत्तर आलं. खोली जशी आहे तशी ठेवावी. कुलूप लावावं. आत जाऊ नये, झाडू नये, पुसू नये, काही हलवू नये. दारावर धोक्याची पाटी लावावी आणि घरातल्या एका जाणत्या माणसानं खोलीची जबाबदारी घ्यावी. अधिकारी येऊन पाहतील. कधी येतील, ते लिहिलं नव्हतं.

मामंजींनी त्याच दिवशी पत्रा कापून पाटी रंगवली: "धोका. आत जाऊ नये. हुकमावरून." कुलूप आणलं ते धान्याच्या वखारीला लावतात तसलं. पाडवा आला आणि गेला. माझे निळे पडदे मनातच राहिले.

जाणतं माणूस म्हणून मामंजींनी स्वतःचं नाव दिलं होतं, पण ते दुपारी झोपायचे. म्हणून प्रत्यक्षातली राखण आत्याबाईंकडे गेली, आणि त्यांनी ती अशी काही केली की लष्करानं शिकून जावं. निवडायचे तांदूळ, शेंगा, वाती, सगळं घेऊन त्या ओट्यावर, कुलपासमोर बसायला लागल्या. शेळी आली की हाकल. निवडणुकीच्या घोषणा रंगवणारे ब्रश घेऊन भिंतीकडे वळले की हाकल. कल्हईवाला सावली बघून टेकला की त्यालाही हाकल. तो म्हणाला, "आजी, घटकाभर बसू द्या की." आत्याबाई म्हणाल्या, "बस की. उद्या भांड्याऐवजी तूच चमकशील."

गल्लीत मग अफवा सुरू झाल्या. कुणी म्हणे आत बॉम्ब आहे, कुणी म्हणे मामंजींना वर्कशॉपातून सोनं मिळालं. आत्याबाईंनी एकही अफवा खोटी पाडली नाही. उलट कुणी विचारलं की आवाज खाली घेऊन म्हणायच्या, "सरकारी हाय. मला बोलायची परवानगी न्हाई." त्या दिवसांत त्या फार खुशीत असायच्या, हे मला दिसत होतं आणि त्याचाच मला राग यायचा. माझी खोली अडली होती आणि ह्यांना त्यात मानाची खुर्ची मिळाली होती. मुली येऊन पाटी वाचायच्या, "ताई, अजून नाही का?" म्हणून विचारायच्या आणि परत जायच्या. त्यातल्या दोघी दुसरीकडे शिकायला लागल्यासुद्धा.

पावसाळा संपला, दिवाळी झाली, तेव्हा कुठे पत्र आलं की अमुक दिवशी सकाळी अधिकारी जीपनं येत आहेत. त्या सकाळी मामंजींनी ठेवणीतला कोट घातला. जीपला आमची गल्ली सापडायची नाही म्हणून ते नाक्यावर जाऊन उभे राहणार होते. निघताना त्यांनी कुलपाची किल्ली आत्याबाईंच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "मी येईपर्यंत आता तू जबाबदार." मला त्यांनी बाजारात पिटाळलं, पाहुण्यांसाठी पोहे आणि खारी आणायला.

मी पिशवी घेऊन परत आले तर जीप दारात उभी होती. एक वयस्कर साहेब उतरत होते, त्यांच्यामागे दोन कामकरी पत्र्याचे डबे उतरवत होते, आणि यंत्राची पेटी हातात घेऊन एक तरुण बाई उभी होती. साडी साधी, हातात बांगडी नाही, नुसतं घड्याळ. आत्याबाई ओट्यावर उभ्या होत्या. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले, आणि चेहऱ्यावर सणाच्या दिवशीचं समाधान.

"अगं बया, बाईसायब हाय!" त्या मला कौतुकानं म्हणाल्या.

जीपबरोबर आलेल्या मामंजींनी आत्याबाईंकडून किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि दार ढकललं. आतून शेणाचा ताजा वास आला.

खोली सारवलेली होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत, कोपऱ्यांसकट, बोटांच्या एकसारख्या कमानी उठवून. मामंजींच्या कामाच्या टेबलाखालीसुद्धा. उंबऱ्यावर रांगोळीचं बोट ओढलेलं होतं. आत्याबाईंचा हात सारवणाला फार चांगला होता, आणि त्या दिवशी त्यांनी जीव ओतला होता.

साहेब दारातच थांबले. "हे कुणी केलं?"

"मीच," आत्याबाई म्हणाल्या. "मंग काय, सारवायला परकी बाई लावू व्हय?"

"आजी, आत जाऊ नका, झाडू नका, असं आम्ही लिहिलं होतं."

"ते लोकांस्नी. मी घरची हाय."

मामंजी खाली बसले, म्हणजे ओट्यावर कोटासकट बसले. वर्कशॉपातल्या सगळ्या नोकरीत त्यांनी एकही हुकूम मोडला नव्हता. मी पोह्यांची पिशवी तशीच हातात धरून उभी होते.

तरुण बाईंनी पायांत कापडी पिशव्या चढवल्या, हातात रबरी मोजे घातले आणि किरणं मोजायचं यंत्र सुरू केलं. ते सावकाश टकटक करत होतं. बाहेर अंगणातही ते तसंच करत होतं. तेवढं सगळीकडेच असतं, असं त्यांनी सांगितलं. खोलीत गेल्यावर ते भराभर बोलायला लागलं. टेबलाजवळ तर टकटक संपून नुसती तडतड व्हायला लागली. पण खरी पंचाईत वेगळी होती. यंत्र दाराजवळही बोलत होतं, खिडकीखालीही बोलत होतं.

साहेबांनी मग आम्हाला नीट समजावून सांगितलं, रागावले नाहीत. रंगाची वर्षानुवर्षांची धूळ टेबलाखालच्या कोपऱ्यात पडलेली होती. ती तशीच राहिली असती तर तेवढा कोपरा खरवडून, डब्यात भरून, दुपारपर्यंत खोली मोकळी झाली असती. आत्याबाईंनी आधी केरसुणी फिरवली, मग शेणाच्या पोतेऱ्यानं ती धूळ खोलीभर ओढली. आता सगळी जमीन उकरावी लागणार. आणि नियमात दोनच वाटा होत्या. खोलीतून बाहेर गेलेली प्रत्येक वस्तू शोधून डब्यात भरता आली, तर जमीन काढून, यंत्रानं पुन्हा तपासून खोली घरच्यांना सोडता येईल. काही बाहेर राहून गेलं असेल, कुठे गेलं ते सांगता येत नसेल, तर खोली वरून सिमेंट ओतून, कुलूप घालून सरकारी देखरेखीखाली बंद ठेवायची.

"किती दिवस?" मी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "दिवस नाही बाई. तुमच्या नातवंडांनाही ती उघडता यायची नाही."

 मला राग आला, आणि मी मोठ्यानं, चार परक्या माणसांदेखत बोलून गेले. "आत्याबाई, मला खोली मिळू नये म्हणूनच केलंत ना हे?"

आत्याबाईंनी खोचलेला पदर सोडला आणि त्या ओट्यावरून खाली उतरल्या. 

मग शोध सुरू झाला. केरसुणी? ती न्हाणीत होती, डब्यात गेली. पोतेरं? दोरीवर वाळत होतं, गेलं. बादली गेली. बादलीतलं उरलेलं पाणी शेवग्याच्या बुंध्याशी ओतलं होतं, तिथली माती फावड्यानं काढली, तीही गेली. शेवग्याला मात्र कुणी काही केलं नाही. आत्याबाईंच्या लुगड्याच्या ओच्यापाशीही यंत्र बोललं, म्हणून लुगडं बदलून डब्यात टाकलं. केर कुठे टाकला विचारलं तर त्या म्हणाल्या, "टाकला कुठं? शेणातच कालवला." आणि सारवून उरलेलं शेण? आत्याबाई काही वाया घालवत नसत. उरलेल्या शेणाच्या त्यांनी परसातल्या भिंतीवर गोवऱ्या थापल्या होत्या.

आता त्या भिंतीवर आदल्या दिवसांच्या गोवऱ्याही होत्या. मुंबईच्या त्या शिकल्यासवरल्या बाई हातातलं यंत्र एकेका गोवरीसमोर धरायच्या, कान देऊन ऐकायच्या, आणि मान हलवून पुढच्या गोवरीकडे जायच्या. सगळी गल्ली कंपाउंडवरून बघत होती. एक गोवरी तडतडली की लोकांतून हुंकार उठायचा. मला इतका राग आलेला असूनही हसू आवरेना, मी पदर तोंडाला लावला. साहेबांपुढे निराळाच प्रश्न उभा राहिला. डब्यात काय काय भरलं ते इंग्रजीत लिहायचं होतं, आणि नियम करणाऱ्यांच्या डोक्यात गोवऱ्या आलेल्याच नव्हत्या. मामंजी कोट सावरत पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, 'फ्युएल, कंट्री' लिहा." साहेबांनी खरंच तसं लिहिलं. हुकमाच्या कामात आपलाही एक शब्द लागला, ह्यानं मामंजींच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

साहेबांनी त्यांना विचारलं की काम करताना कुंचला तोंडात धरून टोक करायचात का? त्यात धोका फार असतो. मामंजी म्हणाले, "छे छे, तोंडात तंबाखू असायची. तंबाखूची चव कोण बिघडवून घेईल?" साहेबांना हसू आलं. तरी त्यांनी मामंजींना मुंबईला येऊन तपासून घ्यायला बजावलं, आणि पुढे ते जाऊन आलेही. सगळं ठीक निघालं. इथे सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव त्यातच अडकायचा.

शेवटी आत्याबाईंचे हात राहिले. तरुण बाईंनी त्यांना पाटावर बसवलं, खाली पत्र्याचं घमेलं ठेवलं आणि मला साबण लावायला सांगितलं. मी रबरी मोजे घातले आणि आत्याबाईंचे हात धुतले. इतक्या दिवसांत पाया पडतानाही त्या हातांना माझा हात कधी लागला नव्हता. खरखरीत, उबदार हात. तळवे यंत्रापुढे धरले, ठीक. बोटं, नखं, ठीक. यंत्र मनगटापाशी आलं आणि तडतडलं. पुन्हा धुतलं, पुन्हा तडतडलं.

बाईंनी वाकून पाहिलं. आत्याबाईंच्या हातांत हिरव्या बांगड्यांचा गच्च चुडा होता. जुना, मनगटावर घट्ट बसलेला, हातावरून उतरणं शक्य नाही. बांगड्यांच्या फटींतून आणि खाली कातडीवर वाळलेलं शेण बसलं होतं. तिथे बोट जात नव्हतं, साबण जात नव्हता.

"ह्या काढाव्या लागतील," बाई हळूच म्हणाल्या.

आत्याबाईंनी दोन्ही हात पोटाशी घेतले. "न्हाई."

आमच्यात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. कासाराकडे नवा चुडा भरायलासुद्धा बाई जाते तेव्हा जुनी एक हातात ठेवून मग नव्या चढवते. मनगट मोकळं होतं ते एकदाच, आणि ते कधी, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. 

"मालक समूर बसल्यात," आत्याबाई म्हणाल्या, "आन् मी हात मोकळं करू?"

"अगं मी बसलोय ना धडधाकट," मामंजी म्हणाले. "मला काय होतंय?"

"तुमी गप ऱ्हावा."

बाई म्हणाल्या, एखादी तरी ठेवता येईल का ते बघते. त्यांनी यंत्र पुन्हा धरलं, एकेका बांगडीशी, खूप वेळ. मग साहेबांकडे पाहून मान हलवली. एकही ठेवता येत नव्हती. हात पूर्ण मोकळा करून, धुऊन, वाळवून पुन्हा तपासल्याशिवाय भरता येणार नव्हतं.

"मी देनार न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "चामडी सोलून न्या पायजे तर."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "जबरदस्ती नाही, आजी. हात रोज घासत राहा, दवाखान्यात दाखवा, आमचंही माणूस येऊन बघत राहील. पण खोलीतलं सगळं बाहेरचं डब्यात आलं, असं मला लिहिता येणार नाही. मग खोली बंदच करावी लागेल."

"म्हंजी?"

"म्हणजे ह्या ताईंना ती मिळायची नाही," बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं.

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या.   बांगड्या वाढवा असं सून सासूला सांगत नसते. माझी खोली गेली, हे मी तिथेच मनाशी मान्य करून टाकलं.

"मी का सारवली, म्हाईत हाय का तुला?" त्या म्हणाल्या. सगळ्यांदेखत, पण फक्त माझ्याशी. "मी इतकं दीस त्या दारात बसले. त्या पोरी येऊन पाटी वाचून जायच्या, खालमानेनं. मला वाटलं, सायब येनार, आन् वीतभर धूळ बघून म्हननार, हितं कोन ऱ्हातंय? घाला कुलूप. सारवून ठिवली, रांगुळी घातली, तर कळंल त्येला, हितं सून बसनार हाय म्हनून. म्हनून सारवली."

माझ्या हातांतला साबण घमेल्यात पडला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, मोज्यांमुळे डोळे पुसताही येत नव्हते.

आत्याबाई साहेबांकडे वळल्या. "दिल्या तर हिची खोली सुटंल? नक्की?"

"जमीन आज उकरतो. वर फरशी बसवून घ्या. आमचं यंत्र शांत राहिलं की खोली तुमची. मी लिहून देतो."

त्यांनी हात पुढे केले, साहेबांकडे नाही, बाईंकडेही नाही. माझ्याकडे.

"सुवाशिनीच्या हातनं वाढू देत. तू वाढव."

बाईंनी त्यांच्या पेटीतली लहान पक्कड मला दिली. मी खाली फडकं धरलं. पहिली बांगडी तुटेना. "दाब की," आत्याबाई खेकसल्या, "मशीन हानतीस तवा बरा जोर असतो!" कंपाउंडवर कुणीतरी हसलं, मीही हसले, आणि ती वाढली. मग दुसरी, मग बाकीच्या. मामंजी ह्या सगळ्या वेळात समोर ताठ बसले होते, आत्याबाईंना दिसतील असे, एकदाही नजर न काढता.

काचा डब्यात गेल्या. मनगटं धुतली, वाळवली, यंत्र धरलं. टक. मग बऱ्याच वेळानं टक. अंगणातल्यासारखं. बाईंनी आत्याबाईंचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि सोडले. मामंजी कोट न काढताच कासाराला बोलवायला बाजाराकडे धावत सुटले. ते दारातून बाहेर पडेपर्यंत आत्याबाईंनी त्यांना नजरेनं पोहोचवलं.

कामकरी खोलीत कुदळी घेऊन गेले, रंगाची बाटली डब्यात घातली आणि जमीन उकरायला लागले. मी चहाचं आधण ठेवलं, सगळ्यांना पोहे दिले, आणि आत्याबाईंना म्हटलं, कासार येईपर्यंत आत माजघरात बसा, पदराखाली हात घेऊन बसा, लोक बघताहेत.

"का म्हनून?" त्या म्हणाल्या. आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसल्या, रस्त्याकडे तोंड करून. पांढरी पडलेली मोकळी मनगटं त्यांनी गुडघ्यांवर उताणी ठेवली होती, लपवली नव्हती.

पलीकडच्या आळीतली एक बाई भाजी घेऊन चालली होती. तिला सकाळचं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं ते हात पाहिले, पिशवी खाली टाकली आणि तोंडावर हात मारून किंचाळली, "अगं बाई! कधी गं? कसं झालं?"

"काय झालं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "मालक बाजारात गेल्यात, येतील आता. सुनंची खोली सोडवायची हुती, बांगड्या दिल्या. बस, चा पिऊन जा."